शेजाऱ्याचा त्रास: गावकीत मिटवायचा, पंचायतीत न्यायचा की पोलिसांत?

रात्रीचे साडेअकरा. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापल्याड, शेजाऱ्याच्या खळ्यात (अंगणात) स्पीकर लावलेला, मुंबईहून आलेले पाहुणे रंगात आलेले, आणि इकडे माजघरात आजारी सासूबाई कूस बदलतायत. फोन हातात असतो, पण 112 लावायला मन धजत नाही. कारण रात्री कुणाला फुरसं चावलं तर गाडी काढून धावणारा शेजारी तोच असतो. अलिबागपासून तारकर्लीपर्यंत राहत्या घरातल्या खोल्या पर्यटकांना देणं वाढलं, तसा हा पेच पुष्कळांच्या दारात आला. माझ्या दारात तो दोनदा आला, एकदा आवाजाचा आणि एकदा विहिरीचा.

कुठे जायचं हे ठरवायला आता मी एकच प्रश्न विचारते: सकाळी उठून पाहिलं तर त्रास जागेवर दिसतो का? गोंगाट, शिवीगाळ, दारू पिऊन दारात घातलेला धिंगाणा सकाळपर्यंत विरून जातो. सांडपाणी, सरकवलेला गडगा, अडवलेली पाणंद (शेताकडे जाणारी वाट) मात्र तिथेच असते. पहिल्या प्रकाराला त्याच रात्रीची नोंद हवी, दुसऱ्याला अर्ज आणि पंचनामा.

गावकी आणि पोलीस

बहुतेकांची खरी निवड या दोनांतच असते. गावकी म्हणजे वाडीतल्या जाणत्यांची बैठक. तिला खर्च नाही, आणि भांडणाचं मूळ तिला ठाऊक असतं. सात-बारावर सामायिक वीस नावं, त्यातली पंधरा मुंबईत, आणि वाद एका माडाच्या उत्पन्नाचा. हे ठाण्यातल्या नव्या हवालदाराला समजावून सांगण्यात दिवस जातो, वाडीतल्या जाणत्या माणसाला एका वाक्यात कळतं. सोबत तंटामुक्त समिती असेल तर उत्तम. 2007 साली सुरू झालेली ही मोहीम सगळ्या गावांत सारख्या जोमाने टिकली नाही, तेव्हा आपल्या गावची समिती बसते का, ते आधी विचारा. पोलीस पाटलांना मात्र जरूर कळवा. त्यांचं पद 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने दिलेलं आहे आणि त्यांचा शब्द ठाण्यापर्यंत जातो.

गावकीची दुखरी बाजूही सांगायलाच हवी. ज्याची घरं जास्त त्याचा आवाज मोठा असतो. एकट्या बाईचं, भाड्याने राहणाऱ्याचं किंवा नव्याने जमीन घेतलेल्याचं तिथे शेवटी ऐकतात. बैठकीत ठरलेला दंड सक्तीने वसूल करण्याचा कायदेशीर अधिकार गावकीला नाही. आणि "पोलिसांत गेलात तर वाळीत टाकू" असं कुणी म्हणालं, तर विषय तिथेच बदलतो. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारहाण, जिवाची धमकी, बाईमाणसाची छेड यांतलं काही घडलं असेल तर गावकीची वाट पाहूच नका. तिथे समजुतीने घ्या म्हणणारा माणूस तुमचं भलं करत नसतो.

आवाजाच्या बाबतीत पोलिसांचं पारडं जड आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 चे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, आणि तीही सरकारने ठरवलेल्या दिवशी. शेजाऱ्याकडच्या वाढदिवसाला ती लागू नाही.

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा गाडी आली, समज दिली, गाडी गेली आणि अर्ध्या तासाने स्पीकर पुन्हा सुरू. खचून गेले होते. मग प्रत्येक वेळी फोन केला, वहीत तारीख आणि वेळ लिहिली, खिडकीतून आवाजाचं चित्रण ठेवलं. चौथ्या वेळेनंतर त्या नोंदींसह लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यानंतर मालकाला ठाण्यात बोलावणं गेलं. एका फोनने प्रश्न सुटेल ही अपेक्षा ठेवू नका. तो फोन नोंदीसाठी असतो.

किरकोळ शिवीगाळीची बहुधा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तरी नोंद करून प्रत घ्याच. अशा दोन-तीन नोंदी साठल्या की शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याची कारवाई मागता येते. बोलीत तिला चॅप्टर केस म्हणतात. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली येते.

पाण्याचं वेगळं

आमच्या विहिरीला वास यायला लागला तेव्हा पोलिसांत जाऊन काही मिळालं नसतं. इथला जांभा दगड सच्छिद्र; वरच्या अंगाच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत खाली येतं. इथे ग्रामपंचायत बरी. पण आधी पाण्याचा नमुना तपासून घ्या आणि अहवाल अर्जाला जोडा. मी तोंडी सांगत राहिले तोवर ते दोन घरांचं भांडण होतं, अहवाल जोडला तेव्हा तो आरोग्याचा विषय झाला. पंचायतीचं काम सावकाश चालतं, ग्रामसभेत विषय आला की जरा हलतं. सार्वजनिक वाटेवर किंवा गटारात घाण सोडली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. संहितेचं कलम 152 त्यासाठीच आहे.

पाणंद अडवली असेल तर

इथे गावकीच्या भरवशावर थांबणं सगळ्यात महाग पडतं. शेता-बागेत जाण्याची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. वकील न लावताही अर्ज करता येतो, आणि दिवाणी कोर्टापेक्षा हा मार्ग जवळचा. अट एकच: अडथळा आल्यापासून 6 महिन्यांच्या आत. आपल्याकडे बैठक म्हणजे चाकरमानी आल्यावर. गणपतीत वाट अडवली जाते, "शिमग्याला सगळे आले की बसू" असं ठरतं, आणि शिमगा येईपर्यंत 6 महिने संपत आलेले असतात. बैठक जरूर बसवा, पण अर्ज त्याआधी तहसीलमध्ये देऊन ठेवा. तडजोड झाली तर अर्ज मागे घेता येतो.