वॉटरप्रूफ बूट, रेन जॅकेट, फ्लीस: जून ते जानेवारी सह्याद्रीत वापरून (आणि त्या नाडीबद्दल)

काल दुकानाचा मेल आला, तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल? इथेच देतो, सविस्तर देतो. जूनच्या सेलमध्ये एकदमच घेतलेलं सगळं, घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट, दहा हजार एमएमवालं (म्हणजे एवढ्या उंच पाण्याचा दाब अडवणारं) रेन जॅकेट, दोन ड्रायफिट टीशर्ट. फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचा मऊ उबदार स्वेटर, नंतर घेतला, तो वेगळ्या ठिकाणाहून. स्पेक्स लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ असतात.

तर डाव्या बुटाचा सोल जानेवारीत पुढून उघडला. रतनगडाच्या शिड्या उतरून रतनवाडीच्या वाटेला लागलो आणि चपाक चपाक आवाज यायला लागला. खाऊच्या पिशवीची सुतळी होती ती गुंडाळून खाली आलो. दुकानात नेले तर काउंटरवरचा मुलगा बूट उलटासुलटा करून म्हणतो, सर, हे पाण्यात गेलेले दिसतायत. अरे बाबा वॉटरप्रूफ म्हणून विकलेस ना, मग काय शोकेसमध्ये ठेवू? मग म्हणे वॉरंटी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला, झिजलं तर नाही. झिजला नाहीये हो, सुटलाय! खालच्या खाचा अजून नव्यासारख्या आहेत, झिजले असते तर आधी त्या गेल्या असत्या ना. फोटो, बिल, मेल, तिकीट नंबर सगळं झालं, उत्तर हे असं. शेवटी आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसतात त्यांनी सोल्यूशन लावून वर कडेने जाड दोऱ्याने शिवून दिला, दीडशे रुपये. शिवल्यामुळे सोलला भोकं पडली म्हणजे वॉटरप्रूफपणा गेला, पण त्याचं मला अजिबात दुःख नाही, ते का ते पुढे येईलच.

सोलपेक्षा जास्त डोकं फिरवलंय ते बुटाच्या नाडीने. साडेचार हजारांचे बूट आणि नाडी कसली देतात तर गोल, गुळगुळीत नायलॉनची, चकाचक. पंधरा मिनिटं चाललं की सुटली. डबल गाठ मारा, अर्ध्या तासाने सुटली. कळसूबाईच्या शिडीवर मधोमध सुटली, मागे रांग, खालून एक काकू ओरडतायत ‘अहो दादा चला की’, आणि मी एका हाताने रेलिंग धरून दुसऱ्या हाताने नाडी बुटात कोंबतोय. सगळे म्हणाले तुला गाठ मारता येत नाही. म्हणून तेही तपासलं. गाठ मारल्यावर फासे पायाला आडवे बसले तर बरोबर, तिरके होऊन बोटं ते घोटा असे उभे राहिले तर गाठ उलटी पडलीये. माझे आडवेच बसतात. मग वाचत बसलो तर २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या लोकांनी चक्क यावर संशोधन केलंय, पळताना पाय आपटला की गुरुत्वाकर्षणाच्या सातेक पट जोराचा दणका बसतो, त्याने गाठ सैल पडते, आणि पाय पुढे-मागे होताना नाडीची मोकळी टोकं चाबकासारखी हलतात ती गाठ ओढून काढतात. आता विचार करा, टोकं लांब, नाडी गुळगुळीत आणि पुढे गडाच्या पायऱ्या उतरायच्यात, म्हणजे सुटायची सगळी सोय कंपनीने करूनच दिलीये. तीस रुपयांची चपटी सुती नाडी आणून ओवली, तेव्हापासून एकदाही खाली वाकलो नाही. तीस रुपये! बुटाचं डिझाइन करणाऱ्यांपैकी एक जण तरी ते घालून डोंगर चढला असता तर...

असो. पावसाळ्यातला अनुभव सांगतो. वॉटरप्रूफ बुटाचा सरळ प्रॉब्लेम असा की पाणी त्यातून आत येत नाही, वरून येतं. पाचनईहून हरिश्चंद्रगडाला जुलैत गेलेल्यांना माहितीये, कातळावरून ओढे वाहत असतात, एकदा पाय पोटरीपर्यंत गेला की बूट भरला, आणि भरला की रिकामा होत नाही कारण बाहेर जायची वाट आतल्या मेम्ब्रेनने, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ थराने, बंद केलेली. प्रत्येक पायात वाटीभर पाणी घेऊन चालायचं. संध्याकाळी बोटं सुरकुतलेली, टाचेवर फोड. सोबतच्याने नेहमीचे अ‍ॅक्शन ट्रेकिंगचे साधे बूट घातलेले, त्याचे भिजले, पिळले, चालायला लागला. गावातला मामा तर प्लॅस्टिकच्या सँडलवर आमच्या पुढे, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा कोरडा. तेव्हा मी घरी येऊन एक स्टार ठरवून टाकलेला.

जॅकेटचंही तेच. ब्रीदेबल म्हणतात ते खरंय, पण घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी पाहिजे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढगातून चालताना बाहेर पण पाणीच भरलंय, वाफ जाणार कुठे? चढताना आतून घामाने भिजलो, बाहेरून पावसाने, फरक एवढाच की आतलं पाणी कोमट. नाणेघाटात वारा खालून वर येतो, धबधबा उलटा उडतो तिथे पाऊस जॅकेटच्या खालून शिरतो, पोंचोवाल्यांचे तर पोंचो तोंडावर. मी आता चढताना जॅकेट सॅकमध्ये ठेवतो आणि नुसत्या ड्रायफिटवर भिजत चढतो, वर पठारावर थांबलो की मग घालतो. आतमध्ये सुती बनियन घालू नका एवढं मात्र ऐका, सूत नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल ओढतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. भिजलेलं बनियन अंगावर आणि वर वारा सुटला की जुलैतही कापरं भरतं. ड्रायफिटचा वास हा वेगळा विषय आहे, येताना एसटीत शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर गेला.

आता पलटी. ऑक्टोबर संपता संपता पाऊस गेला आणि हेच बूट एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. डिसेंबरात पहाटे निघालं की छातीएवढ्या गवतावर दव असतं, जाळीच्या बुटांवाले दहा मिनिटांत ओले, माझे मोजे कोरडे. आणि कुसळं! जाळीतून कुसळं मोज्यात घुसतात, दर पावलाला सुईसारखी टोचतात, या बुटांना जाळीच नाही त्यामुळे फक्त घोट्याजवळ थोडी. जानेवारीतल्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या उतारावर पण पकड चांगली, घोटा मुरगळला नाही. त्यामुळे एक स्टारचे तीन केलेत. सोल सुटला तरी तीनच, मी खुनशी माणूस नाही. पावसात मात्र परत जुने घालणार, आणि या बुटांना काकांची भोकं आहेतच, चुकून ओढ्यात गेलेच तर पाणी थोडंफार निघेल तरी.

फ्लीस. हिवाळ्यात पुण्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथून घासाघीस करून घेतलेला, मोठ्या शोरूममध्ये याच जाडीचा तिप्पट होता. नुसता घातला तर वारा आरपार जातो, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रात्री दात वाजले. पण वर ते रेन जॅकेट चढवलं आणि पाच मिनिटांत गरम. म्हणजे जुलैत शिव्या दिलेलं जॅकेट डिसेंबरात विंडचीटर म्हणून कामी आलं, कोरड्या हवेत त्याची वाफ पण व्यवस्थित बाहेर जाते, त्याला चार स्टार. उंची वाढली की हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात हे तर आहेच, पण वर खरा मारतो तो वारा. चढताना फ्लीस काढायचाच, घाम त्यात मुरला की रात्री तो घालून उपयोग नाही.

दोन तक्रारी. एक, शेकोटीपासून लांब बसा, ठिणगी पडली की वितळून भोक, माझ्या उजव्या बाहीला मसुराएवढी तीन आहेत. दोन, परत कुसळं. गवतातून फ्लीस घालून गेलात तर रात्री टॉर्च लावून एकेक उपटत बसायचं, टोक आत वळलेलं असतं, वरून धरून ओढलं की तुटून तेवढंच आत राहतं, त्यामुळे बाही उलटी करून आतल्या बाजूने काढायचं. आणि मशीनला लावू नका, बाकीच्या कपड्यांत पसरतात, यावरून घरात बोलणी खाऊन झालीयेत.

तरीही पाच स्टार. फक्त सध्या तो माझ्याकडे नाही, बायकोने ऑफिसच्या एसीसाठी पळवलाय, भोकांवर तिने छान फुलं विणलीयेत त्यामुळे परत मागायची सोय नाही. स्टॉलवाले आवरून गेले, आता दुसरा घ्यायचा तर पुढच्या थंडीपर्यंत थांबायला लागणार, शोरूमच्या किमतीला मी काही घेणार नाही.