थेरपी, झोप आणि रोजचं चालणं : ११ महिन्यांनंतरचा अनुभव

थेरपी आणि सवयी एकत्र सुरू करून ११ महिने झाले. या काळात मी बरी झाले, मग एकदा चांगलीच घसरले आणि पुन्हा सावरले. पहिल्या दोन महिन्यांनीच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहून मोकळी झाले असते, म्हणून मुद्दाम थांबले होते.

आधी माझी अवस्था सांगते, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. नैराश्य, जोडीला चिंता आणि झोपेचा पार बोजवारा. अकराला अंथरुणाला पाठ टेकायची, दीडला कसाबसा डोळा लागायचा आणि तीन-सव्वातीनला टक्क जाग. कामावर जात होते, घरचंही उरकत होते, त्यामुळे बाहेरच्या कुणाला काही कळत नव्हतं. पहिल्याच सेशनला थेरपिस्टनी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, एकूण गुण २७, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे १७ आले. नुसत्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही, ते त्यांनी बोलून, खोदून विचारून केलं. पण तो आकडा बघून मला रडू आलं आणि हलकंही वाटलं. आपण आळशी नाही, आपण आजारी आहोत, हे पहिल्यांदा कुणीतरी कागदावर मांडलं होतं.

त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दलच्या विचारांचा असतो. माझं उत्तर ० होतं. तुमचं ० नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टरांशी बोला, घरातल्या एकाला तरी सांगा. चालणं, वही, झोपेचे नियम हे सगळं त्यानंतर.

याआधी थेरपी आणि सवयी या दोन्ही वाटा मी सुट्या सुट्या चालून पाहिल्या होत्या. सवयींची वाट तर तीनदा. पहाटे उठायचं, चालायचं, ध्यान करायचं. दोन-तीन आठवडे जोमात जायचे. मग एक दिवस खाडा पडायचा आणि डोक्यात ठरलेलं वाक्य यायचं, ‘तुझ्याच्यानं काहीच धड होत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. थेरपीही एकदा घेतली होती, सहा सेशन्स. तिथे बोलून, रडून मोकळं वाटायचं, पण मी किती झोपते, दिवस कसा घालवते, दिवसातून किती वेळा कॉफी पिते, हे एकदाही विचारलं गेलं नाही. ‘सकारात्मक विचार करा’ एवढं ऐकून घरी यायचे. तीन तासांच्या झोपेवर माणसाला कुठलाच विचार नीट करता येत नाही, सकारात्मक तर सोडाच. सहाव्या सेशननंतर मी गेलेच नाही आणि थेरपी आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकलं. त्यात माझी दोन वर्षं गेली, याचं आजही वाईट वाटतं.

या वेळच्या थेरपिस्टनी पहिले दोन तास जवळजवळ फक्त माझ्या दिवसाबद्दलच विचारलं. उठल्यावर पहिल्यांदा काय करता? दुपारी चारला कुठे असता? शेवटचं मनापासून हसलात ते कधी? आणि त्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून आणायला लावलं. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस मलूल होतो, चिडचिडा होतो, डोकं चालेनासं होतं. माझं बी-१२ कमी निघालं, त्यावर उपचार झाले. तेवढ्यानं नैराश्य गेलं नाही, पण अंगातला जडपणा थोडा उतरला. मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. आधी थेरपी करून बघू, सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर औषध सुरू करू, असं त्यांनी सांगितलं. माझ्या बाबतीत गोळीची वेळ आली नाही. तुमची सुरू असेल तर माझं वाचून ती बंद करू नका, कमीही करू नका.

सुरुवात झोपेपासून झाली. मला वाटलं होतं, लवकर झोपायला सांगतील. सांगितलं नेमकं उलटं. दोन आठवडे झोपेची नोंद ठेवली, तेव्हा प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास निघाली आणि अंथरुणावरचा वेळ साडेआठ तास. मग ठरलं की साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही आणि सकाळी सहाला काही झालं तरी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. दुपारी लवंडायचं नाही. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच गेली असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. अंथरुणाची आणि तळमळण्याची पडलेली सांगड तोडायची, हा त्यामागचा विचार. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये तो मांडला आणि निद्रानाशाच्या सीबीटीत (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी) आजही तो मुख्य भाग आहे.

पहिले दहा दिवस भयंकर गेले. मी घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. रात्री खुर्चीत शाल गुंडाळून बसायचे, दिवा मंद, फोन दुसऱ्या टोकाला. फ्रिज सुरू झाल्याचा आवाज, मग बंद झाल्याचा. एका रात्री तीनदा उठून बसले आणि तिसऱ्यांदा तिथेच रडले. पुढच्या सेशनला म्हटलं, ‘हे मला जमणार नाही.’ त्या म्हणाल्या, ‘जमतंय की नाही ते वहीत बघूया, डोक्यात नको.’ वही उघडली. आदल्या चार रात्रींपैकी तीन रात्री मी अंथरुणावर पडल्यावर वीस मिनिटांत झोपले होते. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यापासून वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेली. आता साडेसहा-सात तास सलग झोप लागते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. झोप अशी आवळायचा प्रकार आपला आपण करू नका. बायपोलर आजार असेल, फिट्स येत असतील किंवा गाडी चालवण्यासारखं, यंत्रावरचं काम असेल, तर तो धोक्याचा ठरू शकतो. माझ्यावर दर आठवड्याला लक्ष होतं.

कॉफी दुपारी बारानंतर बंद केली. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी पाचची कॉफी रात्री दहाला निम्मी अंगात असते, हे कळल्यावर ती सोडणं जड गेलं नाही.

आता वहीबद्दल, कारण मला जे सांगायचंय ते त्या वहीतच आहे. पानावर चार रकाने. काय करणार, किती बरं वाटेल याचा अंदाज (० ते १०), प्रत्यक्षात किती वाटलं, आणि त्या वेळी मनात आलेलं वाक्य. पहिली नोंद अजून आहे : ‘पंधरा मिनिटं चालणे. अंदाज १. प्रत्यक्ष ४. वाक्य : याचा काय उपयोग.’ त्याखालच्या ओळी वाचत गेले तर अंदाज १, २, १, २ आणि प्रत्यक्ष ४, ३, ५, ४. तीन आठवडे हेच. माझा अंदाज जवळजवळ रोज चुकत होता आणि रोज एकाच बाजूला चुकत होता. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर पटलं नसतं. माझ्याच अक्षरात होतं म्हणून पटलं.

इथे माझ्यापुरता उलगडा झाला. आधीच्या तीन वेळा मी चालण्याकडे औषध म्हणून बघत होते, घेतलं की बरं वाटलं पाहिजे. आता चालणं हा थेरपीचा गृहपाठ होता, एका वाक्याची खातरजमा होती. बरं वाटलं तरी नोंद, नाही वाटलं तरी नोंद. खाडा पडला तर तोही लिहायचा आणि त्या वेळी मनात आलेलं वाक्य समोर मांडायचं. ‘तुझ्याच्यानं काहीच धड होत नाही’ या वाक्यावर आम्ही पाच सेशन्स काम केलं. कुणाच्या आवाजात ऐकू येतं, कधीपासून, त्याच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. ते वाक्य ढिलं पडल्यावरच सवय टिकली. आणि झोप, चालणं सुधारलं नसतं तर त्या वाक्यावर काम करायला लागणारं डोकं माझ्याकडे नव्हतं.

थेरपिस्टनी मग सांगितलं की ही पद्धत म्हणजे बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडलेली. मन लागायची वाट न बघता आधी कृती, मन मागून येतं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता हा कृतीचा भागही पूर्ण सीबीटीच्या तोडीस तोड ठरला. मला मात्र दोन्ही लागले.

सुरुवातीच्या दिवसांत दारापर्यंत जाणं हेच मोठं होतं. नवऱ्याला एका सेशनला बोलावून काय म्हणायचं आणि काय नाही हे सांगितलं होतं. ‘जायलाच पाहिजे’ नाही म्हणायचं. तो सोफ्याजवळ येऊन माझ्या चपला पायाशी ठेवायचा आणि म्हणायचा, ‘अगं, जाऊ नकोस हवं तर. नुसत्या घाल.’ बहुतेक दिवशी चपला घातल्यावर मी गेले. काही दिवशी चपला घालून तिथेच बसून राहिले आणि तो शेजारी बसला. त्या दिवसांचीही नोंद आहे.

आता रोज ३० ते ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, त्यात बसतं. पावलं मोजणारं घड्याळ मी चौथ्या महिन्यात काढून ठेवलं. दहा हजाराला तीनशे पावलं कमी पडली की रात्री अकराला खोलीत फेऱ्या मारायला लागले होते. जुनंच वाक्य नव्या कपड्यांत आलं होतं, आणि ते ओळखलं थेरपिस्टनी, मी नाही.

आहारात फार उलथापालथ केली नाही. भाज्या, फळं, डाळी वाढवल्या, पाकिटातलं कमी केलं, सकाळचं खाणं चुकवायचं थांबवलं. २०१७ मध्ये संशोधक फेलिस जॅका यांच्या गटाचा आहार आणि नैराश्यावरचा अभ्यास आला होता, ६७ जणांचा, १२ आठवड्यांचा. आहार सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले ८ टक्के. त्यातले बहुतेक जण आधीपासून काही ना काही उपचार घेतच होते, हे विसरून चालणार नाही. माणसंही थोडीच होती. मला फायदा दिसला तो मुख्यतः दुपारची चिडचिड कमी होण्यात.

ध्यान मला सुरुवातीला मानवलं नाही. डोळे मिटले की जुन्या चुकांची रांग लागायची. थेरपिस्टनी ते सरळ थांबवायला सांगितलं. सहाव्या महिन्यात पुन्हा सुरू केलं, दहा मिनिटं, चालता चालता पावलांकडे लक्ष देऊन. ते जमतं.

सातव्या महिन्यात घसरले. आईचं आजारपण, कामाचा ताण. प्रश्नावलीचे गुण ६ वर आले होते ते पुन्हा १३. नंतर वही मागे चाळली तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. आधी सकाळची उठायची वेळ सुटली. चार दिवसांनी चालणं. मग संध्याकाळची कॉफी परत आली, मग ‘या आठवड्यात वेळ नाही’ म्हणून दोन सेशन्स रद्द केले. मूड कोसळला तो सगळ्यात शेवटी, जवळजवळ तीन आठवड्यांनी. सवयी माझ्या बाबतीत धोक्याची घंटा आहेत. सावरायला पाच आठवडे लागले. तेव्हा सगळं एकदम सुरू केलं नाही, फक्त सकाळी सहाला उठणं आणि दर आठवड्याचं सेशन.

आता सेशन महिन्यातून एकदा असतं. गेल्या वेळी गुण ५ होते. तेव्हा आम्ही एक कागद तयार केला, तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्यावर माझ्या अक्षरात : सलग तीन दिवस उठायची वेळ चुकली तर नवऱ्याला सांगायचं. आठवडाभर चालणं झालं नाही तर पुढच्या महिन्याची वाट न बघता फोन करायचा. त्याखाली थेरपिस्टचा नंबर, आणि नवऱ्यानं पेन्सिलनं लिहिलेलं, ‘चपला मी आणतो.’