‘लाइन तुटली तरी मेल जाणारच’ म्हणाला आणि ९२,२४० रुपये घेऊन गेला

आकडा आधी सांगतो. इंटरनेटची एक लाइन तुटली की दुसरी धरणारा डबा आणि तो बसवणं ५८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६८,४४०. ‘मेल रिले’, म्हणजे आपली मेल पुढे पोचवून देणारी सेवा, एका वर्षासाठी १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. दुसऱ्या फायबर लाइनचं डिपॉझिट रोख १२,०००, त्याची पावती नाही. एकूण ९२,२४०. घरी अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही. पण ऑफिसातच स्वतःचा मेल सर्व्हर (मेलची ने-आण करणारा संगणक) ठेवणारे माझ्यासारखे छोटे कारखानदार अजून आहेत, आणि हे विकणारा माणूस आमच्याच भागात फिरतोय, म्हणून लिहितो.

कोल्हापूरजवळ एमआयडीसीत माझी फाउंड्री आहे, चौदा माणसं. कोटेशन, चलन, कास्टिंगची टेस्ट सर्टिफिकेट, सगळं आमच्या डोमेनच्या मेलवरून जातं. जूनमध्ये रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली आणि दोन दिवस एक मेल बाहेर गेलं नाही. त्याच आठवड्यात हा आला. रस्त्यावरून आलेला नव्हता, ओळखीच्या पॅटर्नवाल्यानं (कास्टिंगचे नमुने बनवणाऱ्यानं) पाठवलेला. व्हिजिटिंग कार्ड, छापील बिल, वॉरंटी कार्ड, सगळं रीतसर. ‘साहेब, एक लाइन गेली की दुसरी आपोआप धरते. स्टॅटिक आयपी देतो, रिले देतो. तुमचं मेल थांबणार नाही.’ स्टॅटिक आयपी म्हणजे लाइनचा नेटवरचा न बदलणारा पत्ता. बावीस वर्षं मी लोखंड ओततोय. भट्टीचा रंग बघून माल तयार आहे का ते सांगतो. पोर्ट नि आयपी मला कळायलाच हवं होतं, असं कुणी म्हणू नये. त्यासाठीच तर पैसे मोजले होते.

पण एक क्षण होता, आणि तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यानं स्वतः पिवळी केबल उपटली. डब्यावरचा लाल दिवा हिरवा झाला. माझ्या खुर्चीत बसून ब्राउझर उघडला आणि माझ्या मोबाइलवर टेस्ट मेल पाठवलं. फोन वाजला. मी बघितलं. पाठवणारा म्हणून त्याचाच जीमेलचा पत्ता होता. आमच्या कंपनीचा नव्हता. मी तो पत्ता वाचला, या डोळ्यांनी वाचला. मागे उभ्या असलेल्या अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, ‘सर, आपल्या आउटलुकवरनं पण एकदा बघूया का?’ तो म्हणाला, ‘ताई, नेट चालू म्हणजे मेल चालू.’ आणि मी ताईंना चहा सांगायला पाठवलं.

नेट चालू म्हणजे मेल चालू, हे साफ खोटं आहे. पोर्ट म्हणजे नेटवर ये-जा करायचं नंबर दिलेलं दार. ब्राउझर ४४३ पोर्टनं चालतो. तुमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरला मेल देतो तो २५ पोर्टनं, आणि स्पॅममुळे मोबाइल नेटवर, घरगुती ब्रॉडबँडवर तो पोर्ट बऱ्याचदा बंद असतो. उघडा असला तरी आयपी बदललेला असतो. आमच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये (आमच्या डोमेनची मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकते त्याची यादी) जुन्या लाइनचाच आयपी, नव्याचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही, त्यामुळे समोरचा मेल दारातूनच परत करतो नाहीतर स्पॅममध्ये टाकतो. जो कोणी ‘बॅकअप लाइन’ विकायला येईल त्याला आधी विचारा: बाहेर जाणाऱ्या मेलचा आयपी कुठला, आणि तो एसपीएफमध्ये कधी घालणार? गडबडला तर उठा.

सप्टेंबरात एका शुक्रवारी सकाळी साडेअकराला लाइन पुन्हा तुटली. कुणाला कळलंसुद्धा नाही! ब्राउझर चालत होता, व्हॉट्सॲप चालत होतं, हिरवा दिवा चालू. आउटलुकमधून मेल ‘सेंट’मध्ये जात होती. खरं तर ती टेबलाखालच्या सर्व्हरपर्यंतच पोचत होती आणि तिथंच रांगेत पडत होती. डबा नसता तर दहा मिनिटांत कळलं असतं आणि मी फोनच्या हॉटस्पॉटवरून माझ्या जीमेलनं तरी कोटेशन पाठवलं असतं. शनिवारी पाचपर्यंत पुण्याच्या एका पंपवाल्यांना कोटेशन द्यायचं होतं, ६,३५,००० ची ऑर्डर. सोमवारी लाइन जुळली तेव्हा संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनंतर ते गेलं. ऑर्डर दुसऱ्याला गेली होती.

भाच्यानं सर्व्हरचा लॉग काढला. शुक्रवारपासून ६३ मेल अडकलेली, प्रत्येकापुढे एकच ओळ, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. आमच्या पोस्टफिक्सला (सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्राम) पाठवणाऱ्याला ‘उशीर होतोय’ असं कळवायचं सांगितलेलंच नव्हतं. तो पाच दिवस गुपचूप प्रयत्न करत राहतो. उशीर कळवायचं सेटिंग आजच चालू करून घ्या. सेटिंगमध्ये रिलेहोस्टच्या, म्हणजे रिलेच्या सर्व्हरच्या नावाच्या, पुढची जागा रिकामी. म्हणजे ११,८०० चा रिले कधी जोडलाच नाही. डबा उघडला तर आत प्रीपेड सिम. दुसरी फायबर नाहीच, स्टॅटिक आयपी नाही. तसा डबा बाजारात साडेतीन हजाराला मिळतो.

खरा रिले साधा असतो. तुमचा सर्व्हर ५८७ पोर्टनं, युजरनेम-पासवर्ड देऊन, रिलेच्या सर्व्हरकडे मेल सोपवतो आणि पुढचं तो बघतो. मग खाली फायबर असो की सिम. एसपीएफमध्ये रिलेची नोंद करायची, डीकेआयएमची सही (मेल आपल्याच डोमेनची असल्याची खूण) लावायची. भाच्यानं हे एका दुपारी केलं.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या वेळी, ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत.’ दुसऱ्या वेळी, ‘माल दिलाय ना त्यानं? मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा.’ तिसऱ्या वेळी सायबरकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी दिला होता? लिंक दाबली होती? नाही म्हटल्यावर, ‘मग यात सायबर काय?’ बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी सूट आहे, पण चौदा कामगार म्हटल्यावर तीही नाही, म्हणाले. पोटाला चिमटा काढून जीएसटी भरणाऱ्या माणसानं जायचं कुठं? जो माणूस खोटं बिल देऊन जीएसटीच्या नावाखाली माझ्याकडून १२,२४० उकळतो, त्यात सरकारचाही पैसा बुडतोच ना? तरी कुणाला घाई नाही.

हो, बिल. घरी बसून मोजलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, त्याच्या बिलावर चौदाच. पत्ता पुण्याचा आणि सुरुवात २४ नं, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा २७ असतो. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं. पैसे देण्याआधी टाका. डिपॉझिट रोख मागितलं तर देऊच नका. केबल तुमच्या हातानं काढा, मेल तुमच्या कंपनीच्या पत्त्यावरून पाठवा, जीमेलवर उघडून मूळ संदेशात ‘एसपीएफ पास’ लिहिलंय का ते बघा.

वकिलांनी सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक. ठाण्यात घेत नाहीत तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवा. लॉगची छपाई, डब्याचे फोटो, बिल, बँकेचा उतारा असं पाकीट तयार आहे. सोमवारी पोस्टात टाकतोय. डबा तसाच कपाटात ठेवलाय, सिमसकट.