वर्गात एकच फोन असेल तर: बी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी मोफत ऑनलाइन साधनांचा तुलनात्मक आढावा

बी.एड.च्या पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा एक रकाना असतो. पूर्वी त्यात तक्ता, प्रतिकृती, नकाशा एवढेच येत असे. आता त्याच रकान्यात एखाद्या संकेतस्थळाचे किंवा अ‍ॅपचे नाव लिहिण्याची पद्धत रूढ झाली आहे. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाल्यामुळे आंतरवासितेचे कित्येक आठवडे सलग शाळेत काढावे लागतात, त्यामुळे ते नाव केवळ निरीक्षकांना दाखवण्यापुरते लिहून भागत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, ते साधन प्रत्यक्ष चालले पाहिजे. पुण्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवते आणि आंतरवासितेसाठी येणाऱ्या छात्राध्यापकांचे पाठही पाहते. त्यांच्याकडून दर वर्षी येणारा ‘बाई, यांतले कोणते घेऊ?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या देण्यासारखे नाही.

निवडीचा पहिला निकष साधनाच्या आकर्षकपणाचा नसून वर्गात इंटरनेटला जोडलेली उपकरणे किती, हा आहे. पुण्यात याचे उत्तर शाळेगणिक बदलते. एखाद्या शाळेत प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर असतो, तर दुसरीकडे सगळ्या शाळेला मिळून एक संगणक कक्ष असतो आणि त्याची किल्ली मिळवण्यातच तासिकेची दहा मिनिटे जातात. मुलांनी शाळेत फोन आणायचा नाही, हा नियम मात्र बहुतेक ठिकाणी असतो आणि तो योग्यच आहे. म्हणजे व्यवहारात बहुसंख्य छात्राध्यापकांच्या वर्गात जोडलेले उपकरण एकच असते: त्यांचा स्वतःचा फोन. पुढची सगळी तुलना याच वस्तुस्थितीवर उभी आहे.

प्रश्न विचारून मुलांना काय समजले हे ताडणारी चार साधने सर्वाधिक चर्चेत असतात. त्यांपैकी नॉर्वेतून आलेले आणि २०१३ पासून सर्वांसाठी खुले झालेले ‘कहूट’ सर्वांत लोकप्रिय आहे. प्रश्न मोठ्या पडद्यावर दिसतो, मुले आपापल्या उपकरणावर रंगीत चौकटीला स्पर्श करून उत्तर देतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर गुणांची क्रमवारी झळकते. वर्गात उत्साह संचारतो, हे निर्विवाद आहे. माझा आक्षेप गुणदानाच्या पद्धतीवर आहे. नेहमीच्या खेळात लगेच दिलेल्या बरोबर उत्तराला सुमारे १००० गुण मिळतात आणि वेळ संपता संपता दिलेल्या तितक्याच बरोबर उत्तराला त्याच्या निम्मे. सावकाश वाचणाऱ्या, पण नीट विचार करणाऱ्या मुलाला यातून काय संदेश जातो, याचा विचार शिक्षकाने करायला हवा. दुसरी अडचण खास आपल्या भाषेची आहे. कहूटमध्ये प्रश्नाला १२० आणि पर्यायाला ७५ चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘विद्युतधारा’ हा आपल्या दृष्टीने पाच अक्षरांचा शब्द संगणकाच्या हिशेबात अकरा चिन्हांचा होतो. त्यामुळे मराठी माध्यमाच्या वर्गासाठी प्रश्न लिहिताना वाक्य मध्येच तोडावे लागते आणि तोडलेले वाक्य मुलांना संदिग्ध वाटते. शिवाय मोफत खात्यात एका वेळी किती खेळाडू घेता येतात, याची मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. वर्गाचा पट पन्नासच्या पुढे असेल तर आदल्या दिवशी स्वतःच्या खात्यात तपासल्याखेरीज यावर विसंबू नये.

‘क्विझिझ’ हे २०१५ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेले साधन; २०२५ मध्ये त्याचे नाव ‘वेग्राउंड’ असे बदलले आहे, म्हणून जुन्या मार्गदर्शिका वाचताना गोंधळू नये. कहूटच्या तुलनेत त्याचा मोठा गुण असा, की प्रश्न मुलाच्या स्वतःच्या पडद्यावर येतो आणि प्रत्येकाला आपल्या गतीने पुढे जाता येते. गृहपाठासाठी ते कहूटपेक्षा मला निश्चितच बरे वाटते. परंतु घरी एकच फोन आणि तोही बाबा कामावरून रात्री परतल्यावर हाती येणारा, अशी परिस्थिती असलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना दिलेली मुदत दोन-तीन दिवसांची असावी, एका संध्याकाळची नसावी.

‘गूगल फॉर्म्स’ दिसायला साधे आहे आणि साधेपणातच त्याची ताकद आहे. उत्तरे देणाऱ्यांच्या संख्येचा प्रश्न व्यवहारात येत नाही, जुन्या फोनवरही ते उघडते, आणि सर्व उत्तरे एका तक्त्यात आपोआप जमा होतात. चाचणीचा पर्याय निवडला तर बहुपर्यायी प्रश्न ते स्वतः तपासते. लघुत्तरी प्रश्नांत मात्र मराठीसाठी विशेष काळजी घ्यावी लागते, कारण तपासणी अक्षरशः होते: तुम्ही ‘विद्युतरोधक’ असे उत्तर नोंदवले असेल आणि मुलाने दोन शब्द वेगळे करून ‘विद्युत रोधक’ लिहिले, तर त्याला शून्य गुण मिळतात. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. स्वीकारार्ह उत्तरे एकाहून अधिक नोंदवता येतात, तेव्हा मुले लिहितील अशी सगळी रूपे आधीच भरून ठेवावीत, अन्यथा विज्ञानाच्या चाचणीत नकळत शुद्धलेखनाचे गुण कापले जातात.

आता चौथे साधन, ज्याबद्दल मला सर्वाधिक सांगायचे आहे. ‘प्लिकर्स’मध्ये मुलांच्या हाती कोणतेही उपकरण नसते, असते एक छापील कार्ड. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची आकृती असते, प्रत्येक क्रमांकाची आकृती वेगळी. कार्डाच्या चार कडांवर बारीक अक्षरांत चार पर्याय छापलेले असतात. मुलाने आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचे आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. कोणत्या क्रमांकाने कोणते उत्तर दिले हे फोनवर तत्काळ उमटते. अक्षरे इतकी बारीक असतात की शेजारच्याने काय निवडले हे सहजी कळत नाही आणि एरवी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचा हात पाहून वर जाणारे हात येथे आपोआप थांबतात. कार्डे संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो. आपल्याकडील मोठ्या वर्गांना तो अपुरा पडतो, म्हणून ६३ कार्डांचा विस्तारित संच घ्यावा.

मागे एका छात्राध्यापिकेने इयत्ता आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठाच्या वेळी हे साधन वापरले, तो तास मला तपशिलासह आठवतो. तिने फळ्यावर एक घट, एक दिवा आणि दोन तारा एवढेच परिपथचित्र काढले आणि विचारले: दिव्यात शिरणाऱ्या आणि दिव्यातून बाहेर पडणाऱ्या तारांपैकी कोणत्या तारेतील विद्युतधारा जास्त असेल? कॅमेरा फिरला आणि निम्म्याहून अधिक वर्गाने ‘शिरणाऱ्या’ हे उत्तर दिलेले दिसले. दिवा पेटतो म्हणजे तो धारा ‘खातो’, ही समजूत मुलांच्या मनात किती घट्ट बसलेली असते, हे तोंडी प्रश्नोत्तरांत कधी कळले नसते, कारण तेथे उत्तर देणारी मुले ठरलेली असतात. तिने बरोबर उत्तर सांगितले नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोला, त्याला आपले म्हणणे पटवून द्या, एवढेच सांगून तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली ही सहाध्यायी-अध्यापनाची रीत आहे. दुसऱ्या फेरीत चित्र बरेच पालटले होते. प्रोजेक्टर नव्हता, संगणक नव्हता. एक फोन आणि त्यावरील मोबाइल डेटा एवढ्यावर हे सगळे झाले.

प्लिकर्सच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. प्रश्न केवळ बहुपर्यायी किंवा चूक-बरोबर याच स्वरूपाचे असतात, आणि मोफत खात्यातील एका संचात मोजकेच प्रश्न बसतात; म्हणून ते घटक चाचणीसाठी उपयोगाचे नाही, तासिकेच्या मध्यावर एक-दोन अचूक प्रश्न विचारण्यासाठी आहे. कार्डावरील अक्षरे इंग्रजी असतात, त्यामुळे फळ्यावरही पर्याय ए, बी, सी, डी असेच लिहावेत. ‘अ, ब, क, ड’ लिहिले की पाचवी-सहावीच्या मुलांचा हमखास घोटाळा होतो. कार्ड धरताना बोटे काळ्या आकृतीवर येता कामा नयेत, याचा सराव पहिल्या दिवशी करून घ्यावा. आणि छपाईबद्दल एक अनुभव: अप्पा बळवंत चौकातून पहिला संच करून आणताना कार्डे टिकावीत म्हणून मी ती चकचकीत लॅमिनेट करून घेतली. खिडकीकडच्या रांगेतील कार्डांवर उजेड चमकला आणि कॅमेऱ्याला ती वाचता येईनात; सगळा संच पुन्हा छापावा लागला. साध्या, चमक नसलेल्या जाड कागदावर छापलेला दुसरा संच आजही वापरात आहे.

प्रश्न विचारून चूक उघडकीस आल्यावर ती दुरुस्त करण्यासाठी दाखवायचे काय, हा पुढचा निर्णय. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ आणि गणितासाठी ‘जिओजेब्रा’ ही दोन साधने इतरांच्या बरीच पुढे आहेत आणि त्यांत स्पर्धा लावण्याचे कारण नाही. आपली अध्यापन पद्धती ज्या विषयाची, ते साधन घ्यावे. फेटचा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. वर सांगितलेला परिपथ त्यात जोडला की तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, आणि दिव्याच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅमीटर लावला की दोन्हीकडे तोच आकडा येतो. मुलांच्या मनातील ‘दिवा धारा खातो’ ही कल्पना तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत मोडते. फेटची अनेक सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, मराठीत उपलब्ध आहेत, पण सेमी इंग्रजीच्या वर्गात विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीतून शिकवल्या जातात, तेव्हा पाठ्यपुस्तकाची जी भाषा तीच सिम्युलेशनची ठेवावी. त्याहून महत्त्वाची सोय अशी, की सिम्युलेशनची फाइल घरीच उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येते आणि ती इंटरनेटशिवाय चालते. जिओजेब्रा २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केले. तेही संगणकावर एकदा बसवले की नेटवर अवलंबून राहत नाही. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे खडूने दाखवता येत नाही, येथे येते.

आशयासाठी बाहेर फार शोधाशोध करू नये. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावर नेतात, आणि पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात. दृक्श्राव्य साहित्याचा दर्जा पाठागणिक वेगवेगळा आहे, म्हणून चित्रफीत संपूर्ण पाहिल्याशिवाय वर्गात लावू नये. पण अभ्यासक्रमाशी आणि आपल्या पारिभाषिक शब्दांशी ते जितके जुळते तितके परदेशी साहित्य जुळणार नाही. ‘गूगल क्लासरूम’चा विचार शाळेचे संस्थात्मक खाते असेल तरच करावा, काही आठवड्यांसाठी आलेल्या छात्राध्यापकाने स्वतःच्या खासगी खात्यावर तसा वर्ग उघडणे मला उचित वाटत नाही.

मोफत साधन कायम राहील असेही धरून चालू नये. एकेकाळी शिक्षकांत अतिशय लोकप्रिय असलेले ‘एडमोडो’ २०२२ मध्ये बंद झाले, आणि टाळेबंदीच्या काळात ज्यावर आपल्यापैकी अनेकांनी फळ्यासारखे लिहिले ते गूगलचे ‘जॅमबोर्ड’ २०२४ च्या अखेरीस मिटले. ज्यांनी आपले प्रश्न केवळ तेथेच ठेवले होते त्यांचे काम गेले. म्हणून प्रश्नपेढी नेहमी आपल्या स्वतःच्या वहीत किंवा फाइलमध्ये असावी आणि साधन हे तिचे केवळ तात्पुरते वाहन असावे. या निकषावर फेट सरस ठरते: उतरवलेली फाइल कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाही. प्लिकर्सची कार्डे कागदाची असली, तरी उद्या स्कॅन करण्याची सोय उरली नाही तर त्यांवरील बारीक अक्षरे शिक्षकाला नुसत्या नजरेने वाचता येणार नाहीत.

मुलांच्या माहितीबाबत तडजोड नको. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अपेक्षा करतो. आंतरवासितेतील छात्राध्यापकासाठी सोपा मार्ग असा, की ज्यात मुलांना खाते उघडावे लागते ते साधन टाळावे आणि ज्यात लागत नाही तेथेही नावांऐवजी हजेरी क्रमांक लिहावेत. प्लिकर्सच्या यादीत ‘१७’ एवढेच पुरते. सतरा क्रमांक कोणाचा हे हजेरीपटावर असतेच. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवावी.

तेव्हा फोन एकच असेल तर प्लिकर्स. प्रोजेक्टरही असेल तर त्याला फेट किंवा जिओजेब्राची जोड. संगणक कक्ष खात्रीने मिळत असेल तरच क्विझिझ, आणि कहूट वर्षातून एखाद्या वेळी, उजळणीच्या तासाला, गट पाडून. घटक चाचणीच्या नोंदींसाठी गूगल फॉर्म. आंतरवासितेच्या शेवटच्या दिवशी वर्गाच्या उत्तरांचा तक्ता मुख्य शिक्षिकेच्या हाती द्यावा आणि तो वर्ग आपल्या खात्यातून काढून टाकावा. कार्डे कोणत्याही एका खात्याशी बांधलेली नसतात. तो संच रबरबँड लावून त्याच शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवून यावा.