लग्नपत्रिकेला फाँट कोणता: जुना की युनिकोड?

कोल्हापुरात पत्रिका टाकायला गेलं की डीटीपीवाला बहुधा जुन्या फाँटातच मजकूर लावतो. त्याचा हात त्यावर बसलेला असतो आणि त्यातली काही वळणं खरंच नाद खुळा! पण या फाँटांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाका, 'सस्नेह निमंत्रण'चा पार कचरा होतो.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. मुक्ता, बालू हे फाँट फुकट मिळतात. (बालू गुबगुबीत, महाद्वार रोडवरच्या पाटीला शोभेल, पत्रिकेला नको.) खोच आहे ती ल आणि श यांच्यात. बऱ्याच फाँटांत ते हिंदी वळणाचे उमटतात. काहींत मराठी रूपं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडावी लागते. 'दुसऱ्या'साठी नुक्त्याचा ऱ घ्यायचा, नाहीतर रफार थेट डोक्यावर चढतो.

नुसती छापायचीच असेल तर जुना चालेल. मजकूर मोबाइलवरही फिरणार असेल तर मी युनिकोडच सांगेन. प्रूफ मात्र कागदावर मागा आणि आधी ल-श बघा.