मोबाइलचा स्टेथोस्कोप: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

बाबांना फुप्फुसाचा फायब्रोसिस आहे, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला, छातीचे डॉक्टर नौपाड्यात. माजिवड्याच्या कोंडीतून नेऊन पाच मिनिटं पाठ तपासून घ्यायची आणि परत आणायचं, यात बाबा आजारापेक्षा प्रवासानेच जास्त दमतात. शेवटी डॉक्टरच म्हणाले, दोन भेटींच्या मधे श्वासाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवत जा. दहा हजारांच्या आतली एक डबी घेतली. साध्या स्टेथोस्कोपच्या नळीत ती बसते आणि वायरीने फोनला जोडते.

आवाज उत्तम येतो. श्वास आत घेताना शेवटी-शेवटी येणारी बारीक करकर, वेल्क्रोची पट्टी हळूच सोडवल्यासारखी, मलाही स्पष्ट ऐकू येते. पण त्यासाठी पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आधी. कपड्यावरून अजिबात नाही. छातीवर केस असतील तर ते घासूनही करकर येते, म्हणून आम्ही पाठच घेतो. बाबांनी तोंड उघडं ठेवून खोल श्वास घ्यायचा. सलग जास्त घेतले की त्यांना गरगरतं, मग मधे थांबायचं. दर वेळी जागा तीच हवी, नाहीतर मागच्या रेकॉर्डिंगशी तुलना करायची कशी? त्यावर आईने तोड काढली: खांद्याच्या फऱ्यांखाली, दोन्ही बाजूंना, तिच्या टिकल्या. बाबा कुरकुरतात, पण चालवून घेतात.

व्हिडिओ कॉलवर थेट ऐकवायचा नाद सोडा. कॉलमधली यंत्रणा माणसाचं बोलणं ठेवते आणि बाकी सगळं गोंगाट समजून गाळते. श्वास नेमका त्या गाळात जातो. साध्या फोन कॉलचंही तेच. एचडी नसलेल्या जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये तर ३०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, फारसं पोचत नाही, आणि फुप्फुसाच्या आवाजाचा मोठा भाग १०० हर्ट्झपासूनच सुरू होतो. आम्ही वीस सेकंदांच्या फाइली करतो आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. व्हॉइस नोट म्हणून पाठवलं की आवाज दाबला जातो. नावात तारीख, बाजू आणि 'खोकल्याआधी' किंवा 'खोकल्यानंतर'. हे शेवटचं डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं: खोकल्यावर आवाज गेला तर बहुधा कफ, राहिला तर बाबांची नेहमीची करकर.

ॲपमधला 'एआय निकाल' मी बघतच नाही. बाबांची करकर कायमचीच, त्यामुळे तो दर वेळी लाल रंगात 'असामान्य' म्हणतो. ते तर आम्हालाही माहीत आहे! आधीपेक्षा वेगळं काय, हे त्याला कळत नाही. ऑगस्टमध्ये उजवीकडे खाली एक जाडसर, बुडबुड्यासारखा आवाज नवा आला. डॉक्टरांनी जुनी फाइल शेजारी लावून ऐकली आणि त्याच दिवशी एक्स-रेला बोलावलं. संसर्ग होता, औषधं लवकर सुरू झाली. डबीचे पैसे माझ्या लेखी तेव्हाच वसूल झाले.

सगळ्यात अवघड असतो तो न येणारा आवाज. एका बाजूला श्वास मंद ऐकू आला तर तिथे पाणी झालंय की माझा हात सैल पडला, हे फाइलवरून ठरत नाही. दम्याच्या जोरदार झटक्यातही छाती जवळजवळ गप्प होऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून ऑक्सिमीटरचा आकडा आणि मिनिटाला श्वास किती हे फाइलीसोबत लिहितो. बाबांचा ऑक्सिजन ९०च्या खाली गेला तर रेकॉर्डिंग वगैरे काही नाही, सरळ गाडी काढायची, असं ठरलेलं आहे.

किरकोळ तक्रारी: वायर जोडणीपाशी सैल होते आणि खरखरते, एकदा बदलावी लागली. तुमच्या फोनला हेडफोनचं भोक नसेल तर कन्व्हर्टरचा खर्च वेगळा. ॲप सतत क्लाउडचं सदस्यत्व गळ्यात मारायला बघतं. ते न घेताही फाइली फोनवर राहतात, काही अडत नाही.

डॉक्टर ऐकायला तयार आहेत का, हे आधी विचारा. घरात रुग्ण आहे पण फाइल उघडणारं कोणी नाही, तर घेऊ नका.