फुल मून बीच कॅम्पिंगच्या नावाखाली गंडवलं, कोल्हापूरकरांनो सावध

वीकेंडला कोकणात कॅम्पिंगला जाणाऱ्यांसाठी लिहितोय, जरा लांबलंय पण वाचा. इन्स्टावर एक पेज दिसलं, देवगड साइडला कुणालाच माहीत नसलेला बीच, पौर्णिमेची रात्र, तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, माणशी १८०० रुपये. मी सगळं विचारलं होतं, टॉयलेट हाय का, प्यायचं पाणी कुठलं, तर गडी म्हणतोय सर तिथं काहीच नाही तीच तर मजा, पाणी आमचा माणूस आणतोय, आणि खाली रेंज नाही, यूपीआय चालणार नाही, तेवढं फुल पेमेंट आधीच करा. आता हे पटतंयच की, तिकडं बऱ्याच ठिकाणी रेंज नसतीच.

सगळा गेम इथंच हाय. लॉज असला तर बोर्ड असतो, शेजारी दुकान असतंय, फोन करून विचारता येतंय. ओसाड किनाऱ्यावर यातलं काहीच नसणार हे आपण आधीच मान्य केलेलं असतंय, मग चेक करणार काय? पत्ता म्हणून नुसता मॅपवरचा पिन.

गगनबावडा, करूळ घाट, तळेरे करत पोचलो तर तिथं वाळू आणि सुरूची झाडं. तंबू नाही, माणूस नाही, पाणी नाही. रेंजसाठी परत वर डांबरी रस्त्याला आलो तर त्याचा फोन स्विच ऑफ. जाळं आवरत बसलेल्या एका काकांना पिन दाखवला तर ते हसायलाच लागले, "अरे पुनवेक रात्री अकरा-बाराच्या सुमाराक भरती असता, उधाणाचा पाणी हयसर येता, तंबू खंय लावतल्यात?"

म्हणजे त्या पेजवाल्यानं जागा डोळ्यानं बघितलेलीच नव्हती! अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी असती आणि त्या पट्ट्यात ती मध्यरात्रीच्या आसपासच येती. त्यामुळं फुल मून कॅम्पिंग कोण विकत असंल तर पहिला त्याला भरतीची वेळ विचारा, आणि जागा कुणाच्या मालकीची, गावात ओळखीचं कोण, हे पण. अडखळला की पैसे टाकू नका. रात्र काकांच्या पडवीत काढली, काकूंनी भात-कढी वाढली आणि पैसे घेतले नाहीत, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याचाच फोन, टीमच्या गाडीचा ॲक्सिडेंट झाला सर, रिफंडचा क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून यूपीआय पिन टाका. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातनं जातात. आमच्यातला एकजण बँकेत हाय, त्यानं मोबाईल हातातनं ओढूनच घेतला.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली. चॅटचे स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा वेगळा ओळख नंबर असतोय तो) जपून ठेवा, तेच मागतात, आणि जितक्या लवकर फोन कराल तितकी समोरच्यानं काढायच्या आधी त्याच्या खात्यातच पैसे गोठवले जायची शक्यता जास्त. आमचे अजून आले नाहीत. पेजचं नाव तेवढं बदललंय, आता डिसेंबरच्या पौर्णिमेचं बुकिंग चालू हाय, फोटो तेच.